कागदाखालचं नाव

४ मार्च २००९
आज पुन्हा तेच! मी काविळीवर बोलतेय आणि मागच्या बाकावर कागद फिरतोय. हिसकावला. "बाई, नेटवरचो आसा," संचिता म्हणाली. विकीच्या सायबर कॅफेत छापलेला. कोणी लिहिलं, कधी लिहिलं – पत्ता नाही. नर्सिंग शिकायला आल्या आहेत का विकीकडे गर्दी करायला?

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं – खाली नाव नाही तो कागद खोटा. मागून कुजबुज, "सत्यवतीबाईंका नेटचो भारी राग!" असू दे. माझ्या टिपा जुन्या मुली अजून जपून ठेवतात, त्या उगाच नाही.

९ मार्च
संचिताने सरकारी साइटवरचा कागद आणून दाखवला. नाव, तारीख, सगळं. तीनदा वाचला, चूक सापडली नाही. त्यामुळे तर जास्तच संशय येतो!

१० मार्च
मुली होळीला घरी गेल्या. वर्ग शांत.

१९ मार्च
वाईट झालं. मिठबावला संचिताच्या काकांना, परशुरामांना, आंब्याच्या कलमांखालचं गवत काढताना हाताला फुरसं चावलं. घरच्यांनी मनगटावर सुंभ आवळलं आणि तसंच दोन तासांनी दवाखान्यात नेलं. हात काळानिळा पडलाय.

सुंभ का आवळलं? तर भिंतीवर कागद होता – 'साप चावल्यास'. संचितानेच होळीला नेऊन चिकटवलेला. नेटवरचा! मागवून घेतला, अर्धा फाटून भिंतीलाच राहिला. उरलेल्यात स्पष्ट – 'दंशाच्या वर दोरी घट्ट बांधा.'

बांधायचं नसतं! दोन वर्षांपूर्वी ओरोसच्या प्रशिक्षणात निक्षून सांगितलं होतं. त्याआधी आम्हीही बांधाच म्हणायचो, पण ते तेव्हाचं. या बॅचचा तो धडा अजून व्हायचाय. कोण हा दीडशहाणा, लोकांचे हात घालवणारा?

संचिता रडत होती. "बाई, वाचताना तुमीच बोलतास असा वाटला." आता मस्का लावतेय! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

२४ मार्च
परशुरामांची दोन बोटं काढली. उजव्या हाताची.

प्राचार्यांकडे अर्ज दिला – संचिताला परीक्षेला बसू देऊ नये. कडक वाटेल, पण एकीला सोडलं तर उद्या दहाजणी असेच कागद वाटतील.

अर्ज देऊन बाहेर आले तर संचिता दारात उभी. रडत नव्हती. "खाली नाव आसा, बाई. दुसऱ्या पानार. मी पयलाच पान छापून घेतलंय."

नाव आहे म्हणे! उद्या दाखव म्हटलं. बघतेच त्याला.

२५ मार्च
विकीच्या कॅफेत गेले. संचिताने दुसरं पान उघडलं. तळाशी –

'आमच्या सत्यवतीबाईंनी वर्गात सांगितलेल्या टिपा. कणकवली, १९९९ची बॅच. बाई, तुमचे उपकार विसरणार नाही.'

विकीने विचारलं, "छापू काय, बाई?"