अर्ध्या किलोचं वजन

ता. ३, सोमवार

नवं कोरं पिस्तूल आणि आठ दिवसांत लंगडं! छऱ्याचं, हवेवर चालणारं, नेमबाजीच्या खेळाचं. बारकीचा नेम बघून क्लबानं दिलं म्हणून सगळ्या गल्लीत मीच सांगत फिरले. आज पोरगी पिशवी कोपऱ्यात टाकून म्हणते, "आई, ते सुटतं."

"सुटतं म्हणजे?"

"चापाला नुसतं बोट लागलं की सुटतं."

तिचे सर म्हणाले, कंपनीकडे पाठवू, महिना लागेल. महिना! शिबिराची निवड सोळा तारखेला आहे. म्हटलं, मी बघते. कारखान्यातल्या चाळीस शिलाई मशिनी मीच चालत्या ठेवते. सर म्हणे, "ताई, हे मशीन नाही." म्हटलं, आत पेच आणि स्प्रिंगाच आहेत ना? मग मशीनच की!

ता. ४, मंगळवार

सरांनी तपासायची रीत सांगितली. निवडीच्या दिवशी टेबलावर असंच करतात. पिस्तूल नळी वर करून धरायचं, चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. चाप सुटला की खेळाडू बाहेर. आपल्याकडे कुठलं असलं वजन? फडक्यात जुने नट बांधले, दुकानदाराच्या काट्यावर अर्धा किलो करून आणले. नळी रिकामी आहे ना, तीनदा बघितलं. मग उचललं — टक्! सुटला. पुन्हा — टक्!

हे खुर्चीतून म्हणाले, "आता घरात जपून बोलायला हवं." म्हटलं, तुम्ही तसेही कुठे बोलता?

ता. ६, गुरुवार

सापडलं! चापामागे बारीक स्प्रिंग आहे, तिला दाबून धरणारा मसुराएवढा पेच. त्याचे आटेच झिजलेले. घट्ट करावा तर जरा वेळ धरतो, मग मागे सरकतो. नव्या वस्तूत असला नरम पेच! बनवणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा कुणीतरी.

ओव्हरलॉकच्या मशिनीचा एक पेच आट्यांना जुळला. पण दोन आटे लांब. कानस मारली — जास्त मारली. फुकट गेला. दुसरा घेतला, दर चार वेळा घासलं की लावून बघितला. बसला! वजन उचललं. चाप हूं नाही की चूं नाही.

बारकी बघत उभी होती. म्हटलं, "अगं, हस की जरा!"

"हसतेय ना," म्हणाली.

सकाळी ओकली. बाहेरचं खाते, दुसरं काय.

ता. ८, शनिवार

सरावात बारकीला शंभरात शहाण्णव! सर म्हणतात, निवड झाल्यातच जमा. मग दोन वर्षं दुसऱ्या गावी शिबिरात राहायचं. माळ्यावरची मोठी बॅग काढून ऊन दाखवलं. तिच्या खोलीतच ठेवली.

आजही पोट बिघडलंय तिचं. ओवा दिला.

ता. ११, मंगळवार

पुन्हा सैल!! माझा पेच! सर म्हणाले, "ताई, मी म्हटलं होतं." असं बोललेलं मला खपत नाही. तीस वर्षांत एकही मशीन 'जमत नाही' म्हणून परत केली नाही मी. मुकादमाला विचारा.

आटे भिंगातून बघितले. ठणठणीत. मग सैल का होतो? दिवसभर डोक्यात तेच. दुपारी सुई उलटी बसवली आणि दुसऱ्या बाईला ओरडले.

ता. १२, बुधवार

कारखान्यात थरथरीनं पेच ढिले होतात. तेव्हा मी पेचाच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यापर्यंत नखपॉलिशची एकच रेघ ओढते. रेघ तुटली की समजायचं, पेच हलला. पेच घट्ट करून तेच केलं. बारकीचंच लाल नखपॉलिश घेतलं. ती अंघोळीला गेली होती.

ता. १४, शुक्रवार

रेघ तुटली. पण हे थरथरीचं काम नाही. पेच आपोआप फिरला तर त्याची खाच जुनीच राहते, मळकी. ही चकचकीत ओरखडलेली. कुणीतरी पेचकस घातलाय.

माझी पेटी उघडली. सगळ्यात लहान पेचकसाच्या टोकाला लाल कपची.

ह्यांना पेचकस कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही. घरात राहिलं कोण?



ता. १५, शनिवार

ओरडायचं ठरवूनच तिच्या खोलीत गेले. बॅगेकडे पाठ करून बसली होती. पेचकस पुढे ठेवला.

मग म्हणाली, "रोज सकाळी पोट ढवळतं, आई. मला नेम धरायला आवडायचं. आता सगळे उभे राहून बघतात. बोटच माझं राहत नाही."

"मग सांगायचं होतंस!"

"तू बॅग काढलीस."

मी बॅग भिंतीकडे सरकवली.

"पिस्तूल बिघडलेलं असलं की बरं वाटायचं," म्हणाली. "मग कुणी मला काही म्हणत नव्हतं. पण तू परत बसवायचीस. तुझ्या हातून काही सुटतच नाही."

विचारलं, उद्या मी सोबत येऊ का? टेबलापाशी उभी राहते. तिनं मान हलवली — नको. मग म्हणाली, "सरांना काय सांगू?"

म्हटलं, ते माझ्यावर सोड.

सवयीनं पेच घट्ट करून ठेवला होता मी. वजनही उचलून बघितलं होतं. पक्का. माझ्या हातचं इतकं नीट काम झालं नव्हतं कधी.

ता. १६, रविवार

सकाळी पेच तीन फेरे मागे फिरवला. पिस्तूल स्वतः नेऊन सरांच्या हातात दिलं. म्हटलं, कंपनीकडेच पाठवा, मला नाही जमलं.

"तुम्हाला?" सर बघतच राहिले.

"हो, मला."

घरी आले तर बारकी जेवत होती. दोनदा मागून घेतलं.