तीस दिवसांची सफाई

३ जून

आज नगर नोंदणी कार्यालयात रुजू झालो. खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची. स्वारी खूश आहे. काम सोपं : रहिवाशांची यादी सांभाळणारा जुना प्रोग्रॅम मोडीत काढून नव्या भाषेत लिहायचा. जुनी भाषा म्हणजे आनंदीआनंद. एक नाव ठेवायचं तर आधी यंत्राच्या स्मृतीत आपण जागा राखायची, आणि ती कायमची अडवून बसायचं. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाई अजून इथेच आहेत. मी मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले.

११ जून

नवी भाषा शहाणी आहे. ज्याला कोणी विचारत नाही ते स्वतःच झाडून टाकते. तोच नियम मी यादीला लावला : तीस दिवस कोणी चौकशी केली नाही तर नाव साफ. बाई म्हणाल्या, अहो, कोणी विचारलं नाही म्हणून माणूस नसतो का? मी म्हटलं, तुम्ही घरातली फुटकी भांडीही टाकत नसाल. त्या तळघरात, जुन्या प्रोग्रॅमच्या यंत्राकडे निघून गेल्या. बरंच झालं, कटकट गेली.

१२ जुलै

काल पहिली सफाई. चारशे नावं गेली, यादी कशी सुटसुटीत झाली. आज जिन्याखालचा शिंपी दिसला नाही. त्याच्या जागी कोरी भिंत. शेजारचा दुकानदार म्हणाला, इथे शिंपी कधी नव्हताच. गाढव आहे. माझी पँट त्याच्याकडे शिवायला होती.

१५ जुलै

बाईंचं टेबल नाही. साहेब विचारतात, कुठल्या बाई? यादीत नाव नाही. त्यांना विचारणार कोण? मी तर —

१८ जुलै

माझ्या नावाची शेवटची चौकशी १८ जूनला, घरमालकाने केलेली. तीस दिवस आज भरतात. आपली आपण केलेली धरत नाही. तो नियमही माझाच. सफाई थांबवायची सोय नाही. ती भित्रे लोक ठेवतात, असं म्हणालो होतो. सगळ्यांना विनवलं, एकदा माझं नाव शोधा. कोणी मान वर केली नाही. महिनाभर यांना अडाणी म्हणत होतो.

तळघर. जुनं यंत्र मोडायला कोणी आलंच नाही, चालू आहे. यात लिहिलेलं नाव जात नाही. बाईंच्या अक्षरातला कागद चिकटवलाय — ओळी उतरवतोय — काही कळत नाही — तीनदा चुकलं. भीती वाटते. खूप.

यंत्राने घेतलं. जागा राखली. नाव विचारतंय. माझं नाव —