मास्तरांचे मोकळे तास

सोमवार, ४ मार्च
दंतवैद्य डावखुरे आहेत! पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं — खुर्ची, दिवा, नळ, सगळं उलट्या बाजूला हवं. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली. ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग काढणाऱ्या आमच्या मास्तरांना सांगायचं मात्र साफ विसरले. त्यांनी दंतवैद्यांच्या नव्या दवाखान्याची बाराही ड्रॉइंग उजव्या हाताच्या माणसासाठी काढली. चूक आज मला दिसली. अजून कोणालाच माहीत नाही. प्रोजेक्ट सांभाळायला ठेवलेली बाई मी, आणि हे असं सांभाळते.

बुधवार, ६ मार्च
काल आणि आज मीटिंगच्या खोलीचं दार लावून बसले. सगळ्यांना सांगितलं, ग्राहकांशी फोन चालू आहेत. बाराही ड्रॉइंग मी स्वतः डाव्या हातासाठी फिरवून काढली. अकरा तास लागले.
मला ड्रॉइंग शिकवलं मास्तरांनीच. नोकरीला लागले तेव्हा मी फोन घ्यायला होते. त्यांनी आपल्या टेबलाशेजारी माझी खुर्ची ओढून घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत धडा. त्यामुळे रेघांची जाडी, मापं लिहायची जागा, सगळी त्यांचीच ढब. कोपऱ्यात त्यांचीच आद्याक्षरं राहू दिली. कोण ओळखणार!

शुक्रवार, ८ मार्च
साहेबांनी तासांचा हिशेब ठेवणारं ते सॉफ्टवेअर आणल्यापासून प्रत्येक तास कुठल्या तरी ग्राहकाच्या नावावर पडायलाच हवा. (तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव घड्याळजी.) माझ्या नावावर अकरा तास दाखवले असते तर पहिला प्रश्न — तू ड्रॉइंग का काढत होतीस?
मास्तरांच्या आठवड्यात नेहमी भोकं असतात. कोणाचं काही अडलं की ते त्याच्या शेजारी जाऊन बसतात, आणि तो वेळ कुठे लिहायचा त्यांना कळत नाही. मग रिकामाच सोडतात. दुसऱ्यांचे रकाने भरायची मुभा मला आहे. भरले. अकराच्या अकरा.
शुक्रवारी ज्याने त्याने आपला आठवडा बघून ‘मान्य’ दाबायचं असतं. मास्तरांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग दाबलं.
सुटले एकदाची, असं वाटलं. घरी आल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवार, १५ मार्च
आज पुन्हा तीन तास. वाचनालयाच्या कामात मी जुनीच मापं पाठवली होती, ती निस्तरायला लागलेले. ते पण मास्तरांच्या भोकांत. एकदा पचलं की हात सहज जातो. त्यांनी आजही ‘मान्य’ केलं.

बुधवार, २० मार्च
घड्याळजींनी आत बोलावलं. स्क्रीनवर मास्तरांचे तास लाल रंगात. दंतवैद्यांच्या कामाला ठरल्यापेक्षा अकरा जास्त, वाचनालयाला तीन. म्हणाले, वय झालं आता त्यांचं, हात मंदावलाय, काहीतरी बघायला हवं. माझं मत विचारलं.
मी मान हलवली. हो म्हणून हलवली! जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

गुरुवार, २१ मार्च
दुपारी मास्तर माझ्या टेबलापाशी आले. हातात खिशात मावणारी वही. चोराच्या मनात चांदणं. पण ते जाब विचारायला आले नव्हते. गेले दहा दिवस ते तासातासाला काय केलं ते त्या वहीत लिहिताहेत, आणि वहीतलं आणि कॉम्प्युटरमधलं जुळत नाही. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. मग आवाज उतरवून म्हणाले,
“दंतवैद्यांची ड्रॉइंग मी फिरवली, तेव्हा तू ऑफिसात होतीस ना गं? मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. वेड्यासारखा तर वागत नव्हतो ना मी?”
मी म्हणाले, “नाही हो मास्तर. नेहमीसारखेच होतात.”
त्यांचा जीव भांड्यात पडला. माझे आभार मानून गेले. हे वाक्य लिहिताना माझीच मला किळस येते आहे.

शनिवार, २३ मार्च
औषधाच्या दुकानात काकू भेटल्या, मास्तरांच्या बायको. मला बघून डोळेच भरले त्यांचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. पण मास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, ऑफिसात लेखी पुरावा आहे. नातीला शाळेतून आणायचं बंद केलंय त्यांनी. तिला फाटकातच विसरून आलो तर, म्हणून. ती रोज विचारते, आजोबा रागावलेत का माझ्यावर.
मी काकूंची पिशवी घरापर्यंत उचलून नेली. पिशवी!

सोमवार, २५ मार्च
ठरलं. उद्या मास्तरांना सगळं सांगायचं. मग नोकरी राहो नाहीतर जावो.

मंगळवार, २६ मार्च
नाही सांगितलं.

बुधवार, २७ मार्च
सांगितलं.
मीटिंगच्या त्याच खोलीत. डावखुरे दंतवैद्य, बंद दार, अकरा तास, मग तीन. एका दमात. तुम्ही काहीही विसरला नाहीत मास्तर, विसरले ती मी, असंही म्हणाले. रडलेही.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉइंग उघडली आणि स्क्रीनवर रेघेवरून बोट फिरवत गेले.
“बाळ, हा हात माझा आहे. चाळीस वर्षं ओळखतोय मी त्याला. तू छान काढतेस, पण हे तू काढलेलं नाहीस.”
वर माझीच पाठ थोपटली. म्हातारपणी असं पाठीशी घालणारं कोण भेटतं, म्हणाले.
पर्समध्ये कागद होता. कोणाच्या रकान्यात कोणी, कधी, काय बदललं याची यादी. सकाळीच छापून घेतली होती. प्रत्येक ओळीत माझं नाव. त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांना मानावंच लागलं असतं. हात पर्सपर्यंत गेला. मग मनात आलं — सांगितलं ना मी! आता त्यांनाच पटत नसेल तर माझा काय दोष? कागद काढला नाही.
घरी येताना हलकं वाटत होतं. त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

शुक्रवार, २९ मार्च
मास्तरांनी सकाळी राजीनामा दिला. दुपारी काकूंचा फोन आला. “ह्यांची अब्रू राखायला स्वतःवर आळ घ्यायला निघालीस तू! पोटची पोरगी करणार नाही इतकं केलंस गं.”
मी म्हणाले, “असू द्या हो, काकू.”