तापलेल्या गाडीजवळ

अण्णा, उन्हाबद्दल आपण दोघांनी कधीच तक्रार केली नाही. बनारस आहे, ऊन असणारच. आपली तक्रार होती ती अडवून ठेवलेल्या रस्त्याबद्दल. कोणीतरी मोठा माणूस दर्शनाला यायचा असतो, त्याच्यासाठी दोरी बांधली जाते, आणि मग मैदागिनच्या चौकापासून मागे माणसं, सांड, रिक्षा आणि इंजिनं भर दुपारी जागच्या जागी भाजत राहतात. कोणी विचारत नाही की हा रस्ता कोणाचा. तुम्ही गाडी बंद करून उतरायचात, उपरणं डोक्यावर घ्यायचात आणि शिपायाला शांतपणे विचारायचात, "भइया, इनको गरमी नहीं लगती क्या?" तो तुमच्याकडे बघायचा. तुम्ही हँडलवर हात ठेवून म्हणायचात, "हम अपनी नहीं, इनकी बात कर रहे हैं." मी तुमच्या जागी असते तर तिथेच सभा घेतली असती. पुढे घेतल्याही. त्या दोरीसमोर मी किती वेळा ओरडले असेन, त्याचा हिशेब नाही, आणि दोरी अजून बांधतात.

तुम्ही जाऊन आता इतका काळ झाला की दूधविनायकच्या गल्लीतल्या नव्या मुलांना तुमची गाडी पहिल्यापासून माझीच होती असं वाटतं. पाठशाळेत संस्कृत शिकवणारा माणूस धोतराचा काचा घट्ट मारून मोटारसायकलवर निघतो, हे त्यांनी पाहिलेलं नाही. मला दिसतं. पानवाला दुकानातून हाक मारतो, "पंडितजी, नंदी को कहाँ बाँध आए?" आणि तुम्ही किक मारता मारता उत्तर देता, "चरने गए हैं. आज इसी की बारी है." मागच्या सीटवर मी, माझ्या आणि तुमच्या मध्ये माझा धाकटा भाऊ, त्याचं तोंड तुमच्या पाठीत दाबलेलं. उतरल्यावर मी त्याला नेहमी विचारायचे, काय दिसलं तुला? तो म्हणायचा, अण्णांची पाठ.

तो वैशाख तुम्हाला आठवत असेलच. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधतात. भोक पाडलेला तांब्या टांगतात, आणि त्यातून दिवसभर थेंब थेंब गार पाणी देवाच्या डोक्यावर पडतं. आपल्या घरी ती दरवर्षी आईच बांधायची. त्या दुपारी तुम्ही सारनाथहून आलात, लू, ती भाजणारी झळ, सुटली होती, गाडी दारात उभी केलीत तेव्हा तिच्याजवळ उभं राहवत नव्हतं. आईच्या पायाला आदल्याच आठवड्यात सायलेन्सरचा चटका बसला होता, तरी तिला गाडीचीच दया आली. तिने देव्हाऱ्यातला दुसरा तांब्या आणला, खिडकीच्या गजाला बांधला आणि इंजिनावर गळती लावली. एक थेंब पडला की चर्र व्हायचं आणि वाफ निघायची. आई म्हणाली, "बघा, कशी शांत होतेय." तुम्ही हसलात. असे हसलात की शेजारच्या गुजराथी काकू बाहेर आल्या. आणि मग तुम्हाला काय वाटलं कोणास ठाऊक, गजाला बांधलेला तांब्या सोडलात, दोन ओळी रुद्रातल्या म्हटल्यात आणि सगळं पाणी एकदम ओतलंत. टण्ण असा आवाज आला. इंजिनाभोवती ज्या पातळ पात्या असतात, ज्यांच्यामधून वारा जातो, त्यातली एक वरपासून खालपर्यंत तडकली. मग आई म्हणाली, "मी थेंब थेंब देत होते. घाई तुम्ही केलीत." आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

ती तडकलेली पाती तुम्ही कधी बदलली नाहीत. पण त्यानंतर तुम्ही गाडीच्या तापण्याचा असा अभ्यास केलात की पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांनी हेवा करावा. चैत्र संपायच्या आत इंजिनाचं तेल बदलायचं, उन्हाळ्याचं घट्ट तेल घालायचं. पात्यांमध्ये अडकलेली माती आणि सावरीचा कापूस जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचा, नाहीतर वाऱ्याला जायला वाट कुठली. लांब जायचं तर उजाडायच्या आत निघायचं. गर्दीत अर्धा क्लच दाबून रेंगाळायचं नाही, रस्ता थांबला की गाडी बंद, आणि उतरून सावलीत ढकलत न्यायची. आणि पाणी कधीच नाही. पाणी फक्त बोटाच्या टोकावर. हे तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलंत मला. आईने भाकरीसाठी तवा ठेवला होता, तिने बोटाने पाणी शिंपडलं, थेंब तव्यावर नाचला, आणि तुम्ही दारातून म्हणालात, "हे बघ, हे बघ, भाकरी टाकायची ती आता, पण गाडी असेल तर आता काही करायचं नाही. थेंब नाचला तर थांबायचं. नुसता ओघळला तर निघायचं." आई म्हणाली, "माझा तवा तुमच्या गाडीपासून लांब ठेवा." ती परीक्षा मी आजही घेते. त्यापेक्षा चांगली मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही, आणि पुस्तकं मी कमी वाचलेली नाहीत.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच, निदान मला आठवतं ते एकच. कॉलेजातली वक्तृत्वस्पर्धा जिंकून मी आले होते. दारात गाडीवर बसूनच तुम्हाला सगळं भाषण पुन्हा ऐकवत होते, आणि ऐकवताना उजवा हात आपोआप हँडलची मूठ पिळत होता. इंजिन ओरडत होतं, मी त्याच्या वर ओरडत होते. तुम्ही आलात, चावी फिरवून गाडी बंद केलीत आणि म्हणालात, "उभ्या गाडीला रेस देऊ नकोस. जागची हलत नाही, नुसती तापते." मी चिडले. मला वाटलं हे माझ्या भाषणाबद्दल आहे. तसं विचारलं तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मी गाडीबद्दलच बोलतोय. तुझ्याबद्दल बोलायचं असतं तर संस्कृतात बोललो असतो, वाईट वाटलं नसतं." धाकटा पायरीवर बसून इतका हसला की त्याला उचकी लागली.

त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे, अण्णा, हे तुम्ही ओळखलं असेल. मागच्या उन्हाळ्यात तो पुण्याहून आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, केस पांढरे झालेत, आणि चालताना अगदी तुमच्यासारखा डावीकडे झुकतो. मला न्यायला आला होता. मी पोहे केले, त्याने खाल्ले, आणि ताटली बाजूला सारून म्हणाला, "ताई, ही गाडी भंगारात दे आणि माझ्याबरोबर चल. तू एकटी या भट्टीत काय करतेस? मराठी बोलायला तरी उरलंय का कोणी तुझ्याजवळ?" आता तुम्हीच सांगा, यावर मी गप्प बसायला हवं होतं का? मी उठून उभी राहिले. म्हणाले, राजाघाट कोणी बांधला, बालाजी घाट कोणी बांधला, आपल्याच मराठी माणसांनी ना, तिथे ज्यांची भाषा पायरीपायरीवर होती त्यांची मुलं पुण्याला गेली आणि आता तिथूनच विचारतात की उरलं कोण. म्हणाले, जो तो निघून जातो आणि मग मागे वळून शहर ओसाड झालं म्हणतो. म्हणाले, मी गेले तर या गल्लीत मराठीतून भाजीवाल्याला शिव्या घालणारी शेवटची बाई गेली असं समज. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो बसून ऐकत होता. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "ताई, मी सभा नाहीये." आणि सकाळच्या आगगाडीने गेला. जाताना तुमच्या गाडीच्या सीटवरून हात फिरवला, मी वरच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून फोन नाही. भाऊबीज आली, मी ओवाळणीचं तबक तयार करून ठेवलं होतं, फोनवर तोंड दिसलं असतं तरी चाललं असतं. भाऊबीज गेली.

मी जे बोलले ते खरं होतं. आजही तेच बोलेन, शब्दही बदलणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला गैरसमज नको.

परवा घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलांनी मला बोलायला बोलावलं होतं. दिवसभर ती मोटारसायकलवर असतात, भर दुपारीही थांबायची सोय नाही, उशीर झाला की कंपनी बोल लावते. दुपारचा तेवढा वेळ सावलीत बसू द्या, एवढीच मागणी. माझ्याच विषयावर मला बोलायचं होतं. निघाले, आणि लहुराबीरच्या अलीकडे दोरी. मागे वळायला जागा नाही, पुढे हलायला नाही. थोड्या वेळाने गाडी बंद केली तरी तेल तापल्याचा वास येत राहिला, पाय भाजायला लागला. उतरले, ढकलत ढकलत एका शाळेच्या भिंतीजवळ कडुनिंबाखाली आणली. चहावाला बघत होता. मग बादली उचलून आला. "बहिनजी, पानी मार दें? एक मिनट में ठंडी हो जाएगी."

मी इतक्या जोरात "नहीं" म्हणाले की तो दोन पावलं मागे सरकला. "फट जाएगी, भइया," म्हणाले. "अपने आप ठंडी होने दीजिए."

"अपने आप तो साँझ हो जाएगी," तो म्हणाला, पण बादली खाली ठेवली आणि बसायला स्टूल दिलं.

मी बसले. सभा तिकडे सुरू झाली असणार. लू वाहत होती, इंजिनातून टिक टिक आवाज येत होता. मी बोट ओलं करून पात्यांवर थेंब सोडला, तो उडाला. थांबले. पुन्हा सोडला, पुन्हा उडाला. आणि माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहे, मोठ्याने, मराठीत. म्हणत होते, अजून नाही हं, अजून थोडं. चहावाल्याने विचारलं, "किससे बतिया रही हैं?" मी म्हणाले, "बाप से." त्याने आजूबाजूला बघितलं. "कहाँ हैं बाबूजी?" "नहीं हैं." त्याने न मागता चहा आणून ठेवला. तिथे बसल्या बसल्या हिशेब लागला की आठवडाभरात माझ्या तोंडून निघालेलं मराठी तेवढंच होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून मी धाकट्याला जे सगळं बोलले, त्यातली शेवटची बाई मीच आहे, हे मला बोलताना माहीत होतं. ऐकणारा कोण, एवढंच माहीत नव्हतं. फोन हातात होता. त्याचं नाव काढलं. बोट त्याच्यावर ठेवलं नाही. तोवर थेंब पातीवरून नुसता ओघळला, आणि मी निघाले.

सभा संपत आली होती तरी मला बोलू दिलं. चांगलं बोलले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, एकाने माझी गाडी पाहून फोटो काढला. संध्याकाळी घरी आले, जिना चढले, आणि कोणाला सांगायचं हा प्रश्न आला.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. त्याला पाठवलं तर पोचेल, आणि म्हणूनच मी ते पाठवणार नाही. आयुष्यभर हजार माणसांसमोर पहिलं वाक्य मीच बोलत आले, अण्णा, पण या एका माणसाशी पहिलं वाक्य माझ्याने बोलवत नाही. माझंच म्हणणं बरोबर होतं, तरी बोलवत नाही. तुमचं तो नेहमी ऐकायचा. तेव्हा जिथे असाल तिथून उठा, त्याच्याकडे जा, आणि त्याला एवढंच सांगा: ताईला फोन कर.