फळ्यावरचं अकोला

॥ श्री ॥
अकोला, मार्गशीर्ष शु. ५, शके १७८९

तीर्थरूप दादांचे सेवेशी, सहदेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. वहिनींनी धाडलेली जवसाची चटणी चार दिवसांत संपवली, हे त्यांना सांगू नका.

आमच्या या मास्तर घडवायच्या शाळेत विद्यार्थी वीस, आणि विसांनाही मिशा! एकानं फळ्यापाशी पाठ द्यायचा, बाकीच्यांनी मुलं होऊन ऐकायचा, आणि शेवटी प्रत्येकानं त्यातली एक तरी चूक सांगायची, असा नियम आहे. पण कोणी सांगेल तर शपथ. थोरल्याची चूक धाकटा काढत नाही, सोयऱ्याची सोयरा काढत नाही. सगळे एका सुरात म्हणतात की लय झ्याक झालं.

त्यात आपल्या वलगावचे नत्थुजी गुरुजी मास्तरकीचा सरकारी दाखला मिळवायला येऊन बसलेत. तुमच्या-माझ्या पाठीवर छड्या मोडून ज्यांनी अक्षरं शिकवली, ते साठीचे गुरुजी आता माझे विद्यार्थी! आगगाडीचा भरवसा नाही म्हणून तीन दिवस पायी आले. त्यांची चूक मी कोणत्या तोंडानं काढू?

माघात शाळाखात्याचे साहेब येणार. मागच्या खेपेला ते बजावून गेले की जिथे कोणी चूक सांगत नाही, तिथे कोणी शिकत नाही. पुन्हा असंच दिसलं तर वर्ग बंद. दादा, हे काम माझ्या जिवाभावाचं झालंय. काही सुचत असेल तर लिहा.

तुमच्या लोभात वाढलेला,
सहदेव

॥ श्री ॥
वलगाव, पौष शु. २

चि. सहदेव यास खुशालरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चटणीचं तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. दुसरी करते म्हणाली.

मिशीवाल्या पोरांचा मास्तर! गावात सांगितलं तर लोक हसून हसून पडले. नत्थुजींना म्हणावं, माझ्या पाठीवरचे वळ अजून बुजले नाहीत.

वर्ग बंद झाला तर डोळ्यात पाणी आणू नकोस, सरळ घरी ये. यंदाही सगळ्या वावरांत कापूसच पेरला आहे. भाव तीन वर्षांमागं होता तसा सोन्याचा नाही, पण कापसावरून हात सुटत नाही. वेचणीला माणूस मिळत नाही, आणि तू तिकडे खडू झिजवून राहिलास.

सुचलं ते सांगतो. दलाल आला की तो कापसाच्या गाडीच्या तळाशी हात घालण्याआधी मीच एक डागी बोंड काढून त्याच्यापुढे धरतो. मग तोही मोकळा बोलतो, मीही. तूच आधी एक चूक कर. तुझी काढता आली की पुढे एकमेकांची काढतील.

थंडीत प्रकृती जपावी आणि घराची आठवण ठेवावी, एवढंच मागणं.
खुशालराव

॥ श्री ॥
अकोला, माघ शु. ९

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमची युक्ती केली आणि पुरता फसलो!

वऱ्हाडाचा नकाशा शिकवताना अकोला मुद्दाम अमरावतीच्या उगवतीला काढलं. म्हटलं, आता वर्गात ओरडा होईल. कसलं काय! विसांनी माना डोलावल्या आणि विसांनी वहीत तसंच उतरवलं. त्यातले निम्मे, गुरुजींसकट, अमरावतीकडून इथे आलेले. मास्तरांनी काढलं ते चुकीचं कसं म्हणायचं, हा त्यांचा विचार. चार दिवस वाट पाहिली, एकानं तोंड उघडलं नाही.

परवा साहेब येताहेत. पाठ कोणी द्यायचा असं विचारताच सगळ्यांनी नत्थुजींना पुढे केलं, वयाचा मान म्हणून. विषय तोच, नकाशा! मीच चूक सांगून टाकली, तर पुन्हा मीच बोललो आणि ते गप्प राहिले, असं होईल. म्हणून गप्प आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.
सहदेव

॥ श्री ॥
अकोला, माघ शु. १३

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

वर्ग राहिला! आधी हे सांगतो, मग बाकीचं.

गुरुजींनी साहेबांपुढे अमरावती काढली आणि तिच्या उगवतीला अकोला काढलं, थेट माझ्यासारखं. साहेब माझ्याकडे बघताहेत. गुरुजी पुढे शिकवणार तोच थांबले. फळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. आणि मला म्हणाले की मास्तर, तुमी सांगतलं तसं काढलं खरं, पण मी तीन दिवस चालत आलो तं रोज सकाळचं ऊन माह्या पाठीवर होतं. अकोला उगवतीले असतं तं ते तोंडावर काहून नाही आलं?

मी उठून म्हणालो की गुरुजी, चूक माझी. मुद्दाम केली, पण चूकच.

मग काय विचारता! एकजण म्हणाला, मलेही तेव्हाच वाटलं होतं. दुसऱ्यानं पूर्णा नदी चुकीच्या जागी असल्याचं दाखवलं, आणि तिथे मात्र मी खरंच चुकलो होतो. तिसऱ्यानं चक्क गुरुजींना सांगितलं की तुमी फळ्याशीच बोलता, आमाले आयकू येत नाही. गुरुजी हसले आणि वर्गाकडे वळले. साहेबांनी जाताना वर्ग चालू ठेवण्याचा शेरा लिहिला.

साठीच्या गुरुजींना जमलं, ते मला घरात कधी जमलं नाही. म्हणून आज लिहितो. दादा, तुमची एक चूक होते आहे. सगळ्या वावरांत कापूस पेरून आपण ज्वारी बाजारातून आणतो, आणि बैलांना कडबा नाही. गेल्या दिवाळीत मी गोठ्यात जाऊन आलो आणि काही न बोलता अकोल्याला निघून आलो. तुम्ही मला वाढवलंत, म्हणून तोंड उघडलं नाही. नदीकाठच्या वावरात तरी ज्वारी पेरा. माणूस कमी पडत असेल, तर मी नोकरी सोडून परत येऊ का?

राग आला तरी माया तशीच राहावी.
सहदेव

॥ श्री ॥
वलगाव, आषाढ शु. ४, शके १७९०

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला साडेचार महिने लागले. पहिले दोन दिवस तर मी ते रागानं आढ्याला खोचून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की मी दोन वर्षांपासून हेच सांगून राहिली, पण मी काही मास्तर नाही. मग मी गोठ्यात गेलो. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तुझा राग आला होता, तो तिथेच गेला.

आधी पेरलं, मग पत्र लिहायला बसलो. नदीकाठचं वावर सगळं ज्वारीखाली घातलं आहे. कोंब वीतभर आले आहेत. नत्थुजी दाखला घेऊन गावात परतलेत. काल पारावर त्यांनी माझ्या ज्वारीची एक चूक काढली, दाट पेरली म्हणतात. तू हे काय शिकवून पाठवलंस!

आता तुझी चूक. तुझ्या पत्रात एकच आहे. परत येऊ का, असं विचारलंस. येऊ नकोस.

वहिनीची चटणी सोबत धाडली आहे. या खेपेला आठ दिवस तरी पुरव.

तुझ्यावर पहिल्यापेक्षा जास्त लोभ असलेला,
खुशालराव