घागर पोचली का

तामलवाडी,
मंगळवार

प्रिय कृष्णराज,

पाणक्याच्या कादंबरीचा सहावा, शेवटचा भाग पुढच्या दिवाळीनंतर येणार, हा तुझा मेसेज मिळाला. खाली तू नाचणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं होतंस. ‘लई आनंद झाला’ असं उत्तर लिहिलं आणि पुसलं. मोबाइलवर लिहायची ही गोष्ट नाही, म्हणून कागद घेतलाय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. तो सहावा भाग मला वाचायला मिळणार नाही. का ते सांगतो, पण आधी जरा इकडचं तिकडचं लिहू दे.

गुरूच्या चंद्रावरचं तू पाठवलेलं पुस्तक वाचून झालं. त्यात घातलेल्या चिठ्ठीवर तुझा प्रश्न होता, बर्फाखाली राहणाऱ्या माणसाला सकाळ झालेली कोण सांगतं? उत्तर आहे, भूक. प्रश्न चांगला होता, पुस्तक मात्र ढिलं. त्या चंद्रावर वजन आपल्या सातव्या हिश्श्याच्या आसपास भरतं आणि ह्याचा नायक जिना चढताना धापा टाकतो. तिथं मी विहिरीवरची मोटार काखेत मारून पळालो असतो. इथं हल्ली स्टार्टरचं झाकण उचललं तरी बसावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

पुस्तक सुचवायचं ते एका प्रश्नानं, नाव-गाव-कौतुक काही नाही, ही पद्धत तुझी. शेवट कधीही सांगायचा नाही, हा नियम माझा. सोलापूरच्या रद्दीवाल्याकडं एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला तेव्हापासून दोन्ही पाळत आलो. तू धाराशिवच्या कॉलेजात लागलास, मी इथं जळालेल्या मोटारींत तार भरत बसलो. पुस्तकं एसटीच्या कंडक्टरच्या हातून ये-जा करायची आणि तिकिटाच्या पाठीवर तुझा प्रश्न असायचा. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी शिकलो, कुणाची शिकवणी लावली नाही. ‘रॉकेट वाचणारा मिस्त्री’ म्हणून गाव हसलं, हसू दे म्हटलं. पण वाचलेलं बोलायला माणूस लागतो आणि तो मला तुझ्याशिवाय दुसरा मिळाला नाही.

स्टँडच्या कँटीनमधला तो दिवस तुला आठवत असणार. तिसरा भाग तू माझ्याआधी वाचला होतास आणि चहा पिता पिता पाणक्याचं काय होतं ते सांगायला लागलास. मी दोन्ही कानांत बोटं घालून उठलो, ते थेट परंड्याच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तू हसत मागं आलास, माझा एक हात ओढून काढलास आणि विचारलंस, “मरताना तरी विचारशील का रं शेवट?” मी म्हणालो, “तवा बी न्हाय.” हे तू सगळ्यांना सांगितलंस. पुढं कित्येक दिवस तो चहावाला आपल्याला बघून कानात बोटं घालायचा.

त्या पाणक्यापायी आपण किती भांडलो. मिठाच्या वाळवंटातून हा गडी पाच भाग एकच घागर खांद्यावर घेऊन चाललाय, कारण पलीकडच्या नगरातल्या विहिरीला शाप आहे आणि ह्या पाण्याशिवाय तो उतरणार नाही. माझं म्हणणं, मातीची घागर पाझरते, पाझरते म्हणून तर पाणी गार राहतं. वैशाखात गच्चीवर घागर भरून ठेवून रोज पट्टी बुडवून पाहिली मी. त्याच्या वाटेच्या निम्म्यावरसुद्धा पाणी टिकत नाही. तू म्हणायचास, जादूची घागर आहे, सोड की. मी म्हणायचो, जादूलाही नियम लागतो आणि ह्या लेखिकेनं तो कुठंच सांगितलेला नाही. तू नाशिकला गेलास तरी हे भांडण फोनवर चालूच राहिलं. गेल्या उन्हाळ्यापासून मी ते काढलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, पण तू विचारलं नाहीस.

दुकान बंद केलं. वाइंडिंगचं यंत्र हाताखालच्या धनाजीला देऊन टाकलं, तो तारेचा ताण ढिला ठेवतो, पण आता त्याला सांगत बसण्यात अर्थ नाही. पुस्तकं देऊन टाकावीत म्हणून एका वाचनालयात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी स्पर्धा परीक्षेची आहेत का म्हणून विचारलं. नाहीत म्हटल्यावर जागेची अडचण सांगितली. कपाटं आहेत तशी आहेत. माझ्यामागं ती त्याच रद्दीवाल्याकडं जातील आणि ह्या वेळी हात घालायला तिथं कुणी नसेल. सकाळी उठून त्या कपाटांकडं पाहतो आणि एवढं सगळं कशासाठी वाचलं तेच कळत नाही. दुसऱ्या कुठल्या जगात जाता येतं असं वाटायचं. कुठंच जाता येत नाही.

स्वादुपिंडाचा आजार आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला, मी सगळं नीट विचारून घेतलं. त्यांनी मुदत सांगितली नाही, पण दिवाळीचं विचारल्यावर त्यांनी फोटो पाकिटात घालायला घेतला.

उमाला माहीत आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या पुस्तकांना तिनं कधी हात लावला नाही. परवा पाचवा भाग पुन्हा घेऊन पडलो होतो, तर जवळ बसून तिनं विचारलं, त्या पाण्याचं काय झालं? सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाली, “पोचंल.” मी चिडलो. कशावरून म्हणतेस, आधार काय, असं तोडून बोललो. ती उठून आत गेली. नंतर पडल्या पडल्या लक्षात आलं की मला तेच ऐकायचं होतं. फक्त पाचही भाग वाचलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. असा माणूस मला एकच माहीत आहे.

म्हणून हे पत्र. कृष्णराज, सहाव्या भागाची वाट बघू नकोस, शेवट तू लिही. लेखिका काय लिहायचं ते लिहील, मी तुझा खरा धरीन. लांबण लावू नकोस, पानभर पुरे. विहिरीवर कोण उभं होतं, त्यानं घागर उतरवून घेतली का, आत पाणी किती होतं, एवढं सांग. पाणी टिकलं कसं, हे मी विचारणार नाही.

तुझाच,
कानातली बोटं काढून बसलेला
बजरंग