ढगाळ दिवसाचं पाणी

वादी हुमैद, ३ डिसेंबर १९८६
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. आंब्याची पानं पुसता पुसता लिहीत आहे.

ती. झुवैनाताईस, धाकट्या खलफानचा सलाम वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. फक्त आईचा आंबा बरा नाही. तू जन्मलीस तेव्हा तिनं ज्याची कोय पुरली, तोच. पानांच्या कडा विस्तवाला लावल्यासारख्या करपल्या आहेत. आळ्यात पांढरी साय धरते. बोटानं चाखली तर खारट. डोंगरातून येणारा फलजचा पाट यंदा बारीक वाहतो, आणि आपल्या पाळीचं सगळं गोडं पाणी रीतीप्रमाणे खजुरींना जातं. आंब्याला नव्या विहिरीचं मचूळ पाणी मिळतं. मी रोज सकाळी न चुकता एक हंडा घालतो, तरी तो वाळतोच आहे.

गालिबकाका म्हणतात, हिवाळा सरला की तोडून टाकू आणि तिथे खजूर लावू. मी म्हटलं, निदान थोडं गोडं पाणी त्याला देऊन बघू. त्यावर काकांनी सगळ्या मजलिसीसमोर विचारलं की घरच्या आत्याला तहानलेली ठेवून पाहुण्याला सरबत पाजणारा हा भाचा कुठल्या गावचा. खजुरीला आपण आत्याच म्हणतो, त्यामुळे टोमणा नेमका बसला. सगळे हसले.

तुझ्या सासरी, समुद्राकाठी, विहिरी आपल्याहून खाऱ्या. काही उपाय असला तर लवकर कळव.

लोभ असाच ओला असू दे.
तुझा, खलफान


बरका, १५ डिसेंबर १९८६

चि. खलफान यास अ. आ.

पत्र पोचलं. एक काना-मात्रा चुकलेली नाही, पण तू पानं पुसत बसतोस हे वाचून मी आणि सासूबाई पोट धरून हसलो. ते बंद कर, आणि रोजचा हंडाही बंद. अरे, एवढ्याशा घोटातलं पाणी उडून जातं, मीठ तेवढं मागे राहतं. तेच थर धरून बसलंय. फांद्या पसरल्यात तेवढं मोठं आळं कर आणि एकदाच, पण भरपूर, गोडं पाणी सोड. मीठ मुळांच्याही खाली गेलं पाहिजे.

आणि हे नीट ध्यानात ठेव. भुरभुर पाऊस आला तर नाचू नकोस. तो वरचं मीठ विरघळवून नेमकं मुळांपाशी नेऊन सोडतो. आमच्या दारातले दोन आंबे एका भुरभुरीतच गेले. आम्ही वेड्यासारखे आनंदानं भिजत होतो. थेंब पडायला लागले की पाट फोड, लोक हसले तरी.

काकांशी भांडू नकोस. ते आत्याचं नाव घेतात, पण त्या झाडाचा पहिला आंबा आई होती तोवर दर वर्षी त्यांच्याच हातावर ठेवायची.

लोभ आहेच, पत्रं तेवढी वाढव.
झुवैना


वादी हुमैद, २० जानेवारी १९८७
संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. चिखलाचे पाय धुऊन नुकताच बसलो आहे.

ती. झुवैनाताईस सलाम वि. वि.

घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. आज दुपारी आपली पाळी होती, पाणी खजुरींना चाललं होतं, आणि भुरभुर सुरू झाली. लोक आभाळाकडे तोंड करून अल्लाचा शुक्र मानत होते. मी फावडं घेऊन काकांकडे धावलो. भर पावसात पाणी मागणारा माणूस सत्तर वर्षांत पाहिला नाही म्हणाले. आपल्यानंतर जिची पाळी, ती शेजारची नस्रा ओरडली की हा खलफान आता समुद्रालाही पाणी पाजेल.

मी रडलो, ताई. तू सांगितलेलं सगळं सांगितलं, आईचं नाव घेतलं. काकांनी आंब्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. मग त्यांनी स्वतः बांध फोडला. पाणी आळ्यात शिरलं, पांढरी साय क्षणभर दिसली आणि विरून गेली. जमीन पीत होती, पीतच होती. आपल्या पायांखाली इतकी तहान आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आळं अर्धं भरलं आणि नस्रा आपली पाळी मागायला आली. पण पाळी मोजायची मशिदीजवळच्या काठीच्या सावलीवर, आणि आज ढगांमुळे सावलीच नव्हती. कुणीतरी मनगटी घड्याळ पुढे केलं. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. म्हणाले, आपल्या आजोबांनी पाणी उन्हाला विचारून वाटलं; ऊन बोलेपर्यंत मीही गप्प.

सगळे नस्राकडे पाहू लागले. तिची केळी, तिच्या पपया वाट पाहत होत्या. ती पाटाशी बसली, तिनं आपल्याच बागेकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडात चिंध्या नि दगड घट्ट कोंबले आणि म्हणाली की ऊन गप्प आहे तर मी तरी कशाला बडबडू.

सगळं गाव उभं राहून जमिनीचं पिणं ऐकत होतं. ऊन पडलं तेव्हा आळं काठोकाठ भरलं होतं आणि त्यात आभाळ होतं. सगळ्यांच्या तोंडून एकदमच सुभानल्ला निघालं.

झाड जगेल का, अजून कळत नाही. माया असू दे.
खलफान


वादी हुमैद, ११ मार्च १९८७
सकाळचे सात, आंब्याखाली बसून लिहीत आहे.

ती. झुवैनाताईस सलाम वि. वि.

पालवी आली! तांबूस, बाळाच्या तळव्यासारखी. आधी एकच फांदी होती, आज सगळं झाड. काका पहाटे फजरच्या नमाजानंतर रोज येतात. हात लावत नाहीत, फक्त पाहतात. आता आंब्याला फलजचं पाणी आणि आत्याला विहिरीचं. ती खुशाल आहे. काका म्हणतात, आत्या मोठ्या मनाची. रुसतात ते पाहुणेच.

पहिला आंबा काकांचा, दुसरा तुझा. माया पाझरत राहू दे.
खलफान

ता. क. तू हिशेब विचारशीलच. खर्च काही नाही. देणं : नस्राचं पाणी. किती, ते मला लिहिता येत नाही, काठीला सावलीच नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, पुढच्या ढगाळ दिवशी फेड.